आठ दिवसांत ड्रॅक्युला

सेकंदाला २४ या हिशेबाने ७३ मिनिटांच्या चित्रपटात १ लाख ५ हजार १२० चौकटी भरतात. १९६६ साली अमेरिकेत आलेल्या 'बिली द किड व्हर्सेस ड्रॅक्युला' या चित्रपटाच्या साऱ्या चौकटी आठ दिवसांत टिपल्या गेल्या. म्हणजे दिवसाकाठी नऊ मिनिटांहून जास्त तयार सिनेमा. कामाचा दिवस दहा तासांचा धरला, तर तासाला ५५ सेकंद पडद्यावर जाण्याजोगं काम. दिवे लावणं, घोडे आवरणं, कॅमेरा इकडचा तिकडे नेणं, रंगभूषा, जेवणाची सुट्टी हे सगळंही त्याच तासांत बसवायचं.

हा वेग किती अचाट आहे हे कळायला दुसरं टोक बघावं लागतं. स्टॅन्ली कुब्रिकच्या 'आइज वाइड शट'चं चित्रीकरण ४०० दिवस चाललं. सर्वांत लांबलेलं सलग चित्रीकरण म्हणून गिनीज बुकात त्याची नोंद आहे. चित्रपटाची लांबी १५९ मिनिटं. भागाकार केला तर दिवसाला २४ सेकंद भरतात. कुब्रिकच्या एका दिवसाइतका सिनेमा बिलीच्या मंडळींनी २६ मिनिटांत हातावेगळा केला! दोन्ही चित्रपट सारखेच चांगले आहेत असं मी म्हणणार नाही. पण बिलीच्या चित्रीकरणाची हकिगत ऐकताना मला कुब्रिकच्या इतकाच, किंबहुना कांकणभर जास्तच अचंबा वाटतो.

कथा दोन ओळींची. एक व्हँपायर घोडागाडीतून प्रवास करताना सहप्रवासी बाईकडे तिच्या तरुण मुलीचा, बेटीचा, फोटो पाहतो. पुढे गाडीवर हल्ला होऊन प्रवासी मारले जातात, तेव्हा तो मुलीच्या मामाचं, अंडरहिलचं, नाव घेऊन तिच्या रँचवर येऊन राहतो. त्या रँचवर मुकादम म्हणून काम करणारा, बंदूक बाजूला ठेवून सरळ आयुष्य जगू पाहणारा तरुण म्हणजे बिली द किड, आणि बेटीचं त्याच्याशी लग्न ठरलेलं. व्हँपायरला तिला आपली करायची आहे, बिलीला तिला वाचवायचं आहे. पोस्टरवर ड्रॅक्युलाचं नाव ठळक असलं, तरी ७३ मिनिटांत एकही पात्र त्याला ड्रॅक्युला म्हणत नाही.

आठ दिवसांत हे जमलं, कारण निम्मं काम आधीच होऊन पडलेलं होतं. १९५९ साली अमेरिकन टीव्हीवर संध्याकाळच्या मोक्याच्या वेळेत २६ वेस्टर्न मालिका चालू होत्या. मार्च १९५९ मध्ये सर्वाधिक पाहिल्या जाणाऱ्या दहा कार्यक्रमांपैकी आठ वेस्टर्न होते. ही भूक भागवायला लॉस एंजेलिसच्या आसपास अख्खी खोटी गावं उभी होती: सलून, तुरुंग, बँक, तबेला, लाकडी फळ्यांचे पदपथ. सीमी व्हॅलीतलं कॉरिगनव्हिल हे त्यांतलं नावाजलेलं ठिकाण. वेस्टर्न चित्रपटांत काम करणाऱ्या रे 'क्रॅश' कॉरिगनने १९३७ मध्ये ही जमीन घेतली आणि सिनेमावाल्यांना भाड्याने द्यायला सुरुवात केली. बिलीचं चित्रीकरण तिथे आणि पॅरामाउंट स्टुडिओत झालं. खोगीर, घोडे, टोप्या, पिस्तुलं, ते चालवणारे अंगमेहनतीचे लोक, सगळं भाड्याने मिळत होतं आणि रोजच्या सरावातलं होतं. पलीकडे गिऱ्हाईकही तयार होतं. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत चार हजारांहून अधिक ड्राइव्ह-इन थिएटरं होती आणि त्यांना एका तिकिटात दोन चित्रपट दाखवायला सतत नवा माल लागायचा. म्हणून बिलीबरोबर 'जेसी जेम्स मीट्स फ्रँकेन्स्टाइन्स डॉटर' हा जोडीदारही बनला. निर्माता तोच, दिग्दर्शक तोच.

या दिग्दर्शकापाशी मात्र थांबायलाच हवं. विल्यम बोडीनचा जन्म १८९२ चा. १९०९ मध्ये, सतराव्या वर्षी, तो बायोग्राफ कंपनीत सामानसुमान उचलणारा पोऱ्या म्हणून लागला. डी. डब्ल्यू. ग्रिफिथच्या हाताखाली त्याने उमेदवारी केली. १९१५ पासून स्वतः दिग्दर्शन करू लागला. १९२५ आणि १९२६ मध्ये त्याने मेरी पिकफर्डला 'लिटल अॅनी रूनी' आणि 'स्पॅरोज'मध्ये दिग्दर्शित केलं. त्या काळी पिकफर्डचा चित्रपट मिळणं म्हणजे धंद्याच्या शिखरावर बसणं. 'स्पॅरोज'मधली दलदल आणि तिच्यावरून लहान मुलांना घेऊन पळणारी पिकफर्ड आजही अंगावर येते. तिसाच्या दशकात तो इंग्लंडला गेला, तिथे विल हे या विनोदी नटाबरोबर गाजलेले चित्रपट केले. परत आला तेव्हा मोठ्या स्टुडिओंची दारं पूर्वीसारखी उघडली नाहीत. मग मोनोग्राम, पीआरसी अशा गल्लीबोळातल्या कंपन्या. बेला लुगोसीचा 'द एप मॅन', बावरी बॉइजचे चित्रपट, चार्ली चॅन, पुढे टीव्हीवर 'लॅसी'. लोक त्याला 'वन-शॉट' म्हणू लागले. एक किस्सा सांगतात तो असा: मोनोग्रामच्या एका चित्रपटाचं काम रेंगाळलंय अशी तक्रार आली, तेव्हा बोडीनने विचारलं की हा बघायला खरंच कुणी खोळंबून बसलंय का? किस्सा खरा असो वा रचलेला, तो माणूस काम वेळेत पुरं करून द्यायचा एवढं नक्की.

लघुपट धरून त्याच्या चित्रपटांची संख्या साडेतीनशेच्या घरात जाते. पूर्ण लांबीचेच पावणेदोनशेहून जास्त. १९१५ ते १९६६ अशी ५१ वर्षं. दर ५३ दिवसांनी एक चित्रपट, अर्ध्या शतकाहून अधिक काळ, मूकपटापासून रंगीत चित्रपटापर्यंत, दोन महायुद्धं आणि एक महामंदी मधे घालून. टीव्हीचे भाग यात धरलेले नाहीत. बिली आणि जेसी ही जोडी त्याची अखेरची. दोन्ही केले तेव्हा त्याने सत्तरी ओलांडली होती. आठ दिवसांचा हिशेब मी असा मांडतो: आठ दिवस, अधिक ५० वर्षं. कॅमेरा कुठे ठेवला की एकाच जागेवरून तीन प्रसंग निघतील, कुठला नट पहिल्याच टेकला बरोबर बोलेल, कुठला शॉट घेतलाच नाही तरी प्रेक्षकाला उणीव भासणार नाही, हे सत्तरीतल्या बोडीनला झोपेतही ठाऊक होतं.

वेळ आणि पैसा मुबलक मिळाला की चित्रपट आपोआप चांगला होतो, असं मानणाऱ्यांनी आणखी एका वेस्टर्नकडे बघावं. मायकेल चिमिनोच्या 'हेवन्स गेट'चं चित्रीकरण १९७९ मध्ये सुरू झालं आणि पहिल्या सहा दिवसांत ते पाच दिवस मागे पडलं. चिमिनोने १३ लाख फुटांहून अधिक फिल्म वापरली. ही लांबी सुमारे ३९६ किलोमीटर होते, म्हणजे मुंबईहून अंथरत निघालं तर कोल्हापूरला पोचून फिल्म शिल्लक उरेल. त्यातून तयार झालेला चित्रपट २१९ मिनिटांचा, फिल्मच्या भाषेत सहा किलोमीटर. खर्च ४ कोटी ४० लाख डॉलर, अमेरिकेतली कमाई ३५ लाख. अलीकडे 'हेवन्स गेट'चं पुनर्मूल्यमापन झालंय आणि त्यातली दृश्यं खरोखर थक्क करणारी आहेत. पण बोडीनच्या वेगाने तो २४ दिवसांत पुरा झाला असता, हे गणित मनात एकदा आलं की जात नाही.

आता मूळ कल्पनेकडे. काउबॉय आणि व्हँपायर ही मोट कुणीतरी पैशासाठी ओढूनताणून बांधली, असं बहुतेकांना वाटतं. ब्रॅम स्टोकरची कादंबरी उघडा. १८९७ च्या 'ड्रॅक्युला'त लूसीला एकाच दिवसात तिघं मागणी घालतात. त्यांतला एक टेक्ससचा क्विन्सी मॉरिस. शेवटी सूर्य मावळताना काउंटचा गळा चिरला जातो तो जोनाथन हार्करच्या कुकरीने, आणि त्याच्या काळजात घुसतो तो मॉरिसचा बोवी सुरा. म्हणजे ड्रॅक्युलाला मारणाऱ्या दोन हातांपैकी एक अमेरिकन सरहद्दीवरचा होता, पहिल्याच पुस्तकात! बहुतेक चित्रपटांनी मॉरिसला सरळ गाळून टाकलं. व्हँपायर-वेस्टर्नने त्याची जागा त्याला परत दिली, असं मी मानतो. १९५९ चा 'कर्स ऑफ द अनडेड' या प्रकारातला पहिला म्हणून ओळखला जातो. त्यात व्हँपायर हा भाडोत्री बंदूकबाज आहे: गोळी लागून मरत नाही, त्यामुळे त्याला पहिली गोळी झाडायची घाई नसते. धंद्यासाठी इतकी सोयीची अवस्था दुसरी नाही.

खरा बिली १४ जुलै १८८१ रोजी न्यू मेक्सिकोतल्या फोर्ट समनरला शेरीफ पॅट गॅरेटच्या गोळीने मेला, २१ वर्षांचा असताना. २१ वर्षं जगला आणि २१ माणसं मारली अशी दंतकथा. इतिहासकार हा आकडा नवाच्या आसपास आणतात. त्याचा सर्वमान्य म्हणावा असा एकच फोटो बराच काळ ठाऊक होता, पत्र्यावर उतरवलेला, तळहातात मावेल एवढा. काढताना २५ सेंट पडले असावेत. जून २०११ मध्ये डेन्व्हरच्या लिलावात तो २३ लाख डॉलरला गेला, ९२ लाख पट भाव. पत्र्यावरचा फोटो आरशासारखा उलटा उमटतो हे लक्षात न घेतल्याने बिलीला वर्षानुवर्षं डावखुरा समजलं गेलं आणि १९५८ मध्ये त्याच समजुतीवर 'द लेफ्ट हँडेड गन' नावाचा चित्रपटही निघाला. दुसऱ्या बाजूला ड्रॅक्युला: २०१२ मध्ये गिनीजने शेरलॉक होम्सला पडद्यावर सर्वाधिक वेळा साकारलेलं मानवी साहित्यिक पात्र ठरवलं, २५४ वेळा. त्याच्या पुढे एकच होता, २७२ वेळा आलेला ड्रॅक्युला, पण तो माणसांत मोडत नाही. बिलीवरचे चित्रपटही पन्नासच्या वर आहेत. एवढ्या गर्दीत या दोघांची कधीतरी गाठ पडणारच होती.

ती खरोखर पडली असती तर काय झालं असतं, याचं गणित करता येतं. कॉस्टास एफ्थिमियू आणि सोहांग गांधी या भौतिकशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक टिपण लिहिलं. समजा, १ जानेवारी १६०० रोजी जगात एकच व्हँपायर आहे आणि माणसं ५३ कोटी ६८ लाख ७० हजार ९११. तो महिन्यातून एकदाच रक्त पितो आणि ज्याला चावतो तोही व्हँपायर होतो. दर महिन्याला संख्या दुप्पट. अडीच वर्षांत पृथ्वीवर माणूस उरत नाही.

हेच बिलीच्या मुलखाला लावून पाहू. १८८० च्या जनगणनेत न्यू मेक्सिकोची लोकसंख्या होती १,१९,५६५. एका व्हँपायरपासून सुरुवात केली, तर दहाव्या महिन्याअखेर ते १,०२४ होतात. विखुरलेल्या रँचांच्या त्या प्रदेशात शेजारच्या खोऱ्यातही कदाचित कुणाला पत्ता लागायचा नाही. सोळाव्या महिन्यात ६५,५३६, निम्म्याहून जास्त मुलूख. सतराव्या महिन्यात प्रदेश रिकामा. साऱ्या अमेरिकेची लोकसंख्या तेव्हा ५ कोटी १ लाख ८९ हजार २०९ होती, न्यू मेक्सिकोच्या सव्वाचारशे पटींच्या आसपास. तिला किती वेळ लागावा? आणखी फक्त नऊ महिने. आणि आजचं जग, ८०० कोटींच्या वरचं? त्यानंतर आणखी सात महिने. एकूण ३३. पहिल्या सतरा महिन्यांत एक ओसाड प्रदेश, पुढच्या सोळांत अख्खं जग. दुपटीचं गणित भीतिदायक असतं ते या शेवटच्या टप्प्यामुळे. भयकथा लिहिणाऱ्यांनी ते ओळखलं होतं, पण दाखवायचं कसं हा प्रश्न होता.

कारण दाखवायला माणसं लागतात. हजार व्हँपायर म्हणजे हजार पोशाख, हजार जेवणं, हजार रोजंदाऱ्या. बोडीनपाशी एका व्हँपायरपुरते पैसे होते, म्हणून त्याचा व्हँपायर फौज उभारत नाही. त्याला एकच मुलगी हवी आहे. तुटपुंज्या पैशांनी कथेला तिचा आकार दिला आणि मला तो पटतो: जग बुडवायला निघालेल्या राक्षसापेक्षा मामाचं सोंग घेऊन घरात शिरलेला, जेवणाच्या टेबलाशी बसलेला पाहुणा जास्त अस्वस्थ करतो. रँचवर नोकरीला असलेली जर्मन स्थलांतरित बाई त्याला पाहताक्षणी ओळखते, कारण तिची मुलगी त्याने आधीच नेली आहे. बेटी तिचं ऐकत नाही. हा धागा कुठल्याही महागड्या भयपटात शोभला असता.

आणि आता ते दोष, ज्यांच्यासाठी हा चित्रपट लोकांना ठाऊक आहे. व्हँपायर मोहिनी घालतो तेव्हा त्याचं काम करणाऱ्या जॉन कॅराडीनच्या चेहऱ्यावर लाल दिव्याचा झोत पडतो, डोळे खोबणीतून बाहेर येतील इतके विस्फारतात. वटवाघूळ रबराचं आहे आणि ते दोरीवर लोंबतंय हे लपत नाही. ते झुडपाआड उतरतं आणि पुढच्याच क्षणी तिथे कॅराडीन उभा. टीकाकारांनी सर्वांत जास्त झोडपलं ते व्हँपायर भर दिवसा उन्हात फिरतो म्हणून. इथे मात्र चित्रपटाची बाजू घ्यायला हवी. स्टोकरचा ड्रॅक्युलाही दिवसा हिंडतो, फक्त त्याची शक्ती तेव्हा कमी होते. सूर्यप्रकाशाने व्हँपायर मरतो ही गोष्ट १९२२ च्या 'नोस्फेराटू'ने रूढ केली. शेवटच्या झटापटीत, जुन्या चांदीच्या खाणीत, बिली पिस्तुलातल्या सगळ्या गोळ्या झाडतो. काही होत नाही. मग तो रिकामं पिस्तूलच व्हँपायरच्या तोंडावर फेकतो आणि तो कोसळतो! पश्चिमेतला सर्वांत वेगवान नेमबाज शेवटी पिस्तूल दगडासारखं वापरतो. मग डॉक्टरीणबाईंची शस्त्रक्रियेची सुरी काळजात खुपसायची, संपलं.

या डॉक्टरीणबाई म्हणजे ऑलिव्ह केरी. गाडीवानांचा म्होरक्या बेन डूली म्हणजे तिचा मुलगा, हॅरी केरी ज्युनियर. दहा वर्षांपूर्वी हीच मायलेकं जॉन फोर्डच्या 'द सर्चर्स'मध्ये होती, वेस्टर्नमधला सर्वश्रेष्ठ म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं त्यात. खुद्द कॅराडीन फोर्डच्या 'स्टेजकोच'मधला जुगारी, 'द ग्रेप्स ऑफ राथ'मधला केसी, 'द टेन कमांडमेंट्स'मधला आरन. ड्रॅक्युलाचा अंगरखा त्याने १९४४ आणि १९४५ मध्ये युनिव्हर्सलसाठी घातला होता. आठ दिवसांच्या या कामावर आलेली माणसं अशी होती. म्हणूनच दोरीवरच्या वटवाघळाला हसून झाल्यावरही मी पाहत राहतो: सामान उसनं आणि हात कसलेले, हे दोन्ही एकाच चौकटीत दिसतं. मोठ्या चित्रपटात मेहनत पैशाखाली दडते. इथे ती उघडी असते.

अशा आवडीला चोरटी आवड म्हणायची रीत आहे. फ्रँकफर्टच्या माक्स प्लांक संस्थेतल्या कीवान सरखोश आणि विनफ्रीड मेनिंगहाउस यांनी २०१६ मध्ये टाकाऊ समजल्या जाणाऱ्या चित्रपटांच्या चाहत्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ही मंडळी सरासरीपेक्षा जास्त शिकलेली निघाली आणि अभिजात कलांतही रस असलेली. आपल्याकडे भयपट काढणाऱ्या रामसे बंधूंच्या चाहत्यांना हे सांगायची गरज नाही. १९७२ चा 'दो गज जमीन के नीचे' त्यांनी महाबळेश्वरला सारं कुटुंब नेऊन ४० दिवसांत, साडेतीन लाखांत केला. १९८४ च्या 'पुराना मंदिर'मध्ये तर सामरी राक्षसाच्या कथेत जगदीपचा मच्छरसिंग 'शोले'च्या गब्बरची नक्कल करत वावरतो. राक्षस आणि घोड्यावरचे डाकू एकाच तिकिटात: बोडीनच्या जोडीचाच मुंबईतला चुलतभाऊ.

व्हँपायर-वेस्टर्नची पुढची पायरी १९८७ मध्ये कॅथरिन बिगेलोने गाठली. तिच्या 'निअर डार्क'ला ५० लाख डॉलर लागले, थिएटरांत ३४ लाख आले. आज तो व्हँपायरपटांतला मानाचा समजला जातो आणि त्यात 'व्हँपायर' हा शब्द एकदाही येत नाही. दिग्दर्शनाचं ऑस्कर मिळवणारी पहिली स्त्री पुढे २०१० मध्ये तीच ठरली.

साडेतीनशेच्या आसपास भूमिका करणाऱ्या कॅराडीनने म्हातारपणी सांगितलं होतं की त्याला पश्चात्ताप वाटतो तो फक्त बिली आणि ड्रॅक्युलाच्या चित्रपटाचा, बाकी कशाचाच नाही. मला हे पटत नाही. सुरुवातीचा घोडागाडीतला प्रसंग पाहा. उंच टोपी, काळा पोशाख, गाडी हादरतेय, समोरची बाई मुलीचा फोटो पुढे करते. कॅराडीन तो बघतो आणि चेहऱ्यावर आधी सौजन्य, मग हाव, मग पुन्हा सौजन्य. संगीत नाही, लाल दिवा नाही. घोडागाडीत स्त्रियांशी अदबीने वागणारा संशयास्पद सद्गृहस्थ त्याने १९३९ च्या 'स्टेजकोच'मध्येही केला होता, आणि तिथे समीक्षकांनी तोंडभरून कौतुक केलं होतं. १९८९ मध्ये त्याच्या मुलाने, डेव्हिडने, 'सनडाउन: द व्हँपायर इन रिट्रीट' या वेस्टर्नमध्ये ड्रॅक्युला केला, तिथले व्हँपायर वाळवंटातल्या गावात उन्हाचं मलम लावून राहतात. बाप आदल्याच वर्षी वारला होता. ज्यांना मुळातूनच बघायचं असेल त्यांनी 'स्टेजकोच' आणि बिली एकाच रात्री लागोपाठ लावावेत: ९६ आणि ७३, मिळून १६९ मिनिटं. क्रम मात्र हाच ठेवावा, म्हणजे दुसऱ्या घोडागाडीत बसलेला माणूस ओळखीचा वाटेल.